मिररलेसला जुन्या लेन्स: मुंबईत राहून पहिला संच जमवताना

वडिलांचा यशिका एफएक्स-३ आमच्या परळच्या घरात लोखंडी कपाटात असायचा. चामडी केसमध्ये नीट बसवलेला, वर जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळलेला, शेजारी डांबराच्या गोळ्या. इतक्या जपून ठेवलेल्या त्या कॅमेऱ्याची ५० मिमीची लेन्स मिररलेस म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावायला म्हणून मी काढली, मागून मोबाइलचा टॉर्च धरला आणि आत पाहिलं, तर काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. कारागिराने लेन्स उघडून धागे पुसून दिले, पण बुरशीतून सुटलेल्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला होता. तो डाग कायमचा. आजही त्या लेन्सने खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा फोटो काढला की सगळ्या चित्रावर धुरकट पडदा येतो.

हे आधी सांगतोय, कारण लेन्स निवडण्याचे बाकीचे सगळे मुद्दे मुंबईत या एका गोष्टीपुढे दुय्यम ठरतात. आपल्या हवेत कपाटात पडून राहिलेली लेन्स नासते, हातात फिरणारी टिकते. जुन्या लेन्स स्वस्त मिळतात म्हणून दहा-बारा गोळा करणारे मित्र मी पाहिलेत, आणि त्यातल्या सात-आठ लेन्सचं दोन पावसाळ्यांत काय झालं तेही पाहिलंय. म्हणून माझा आग्रह आहे की संच तीन लेन्सचा ठेवा, आणि त्या तीनही एकदम न घेता वर्षभरात एकेक करून घ्या.

आधी तुमचा कॅमेरा ओळखा

जुनी लेन्स मिररलेसवर बसते कशी, हे एकदा समजलं की अर्धी खरेदी सोपी होते. फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागायची. निकॉनच्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची बैठक) लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आहे, पेंटॅक्सच्या के माउंटमध्ये ४५.४६, मिनोल्टात ४३.५, कॅनन एफडीमध्ये ४२. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर सोनी ई माउंटला १८ मिमी, निकॉन झेडला १६, कॅनन आरएफला २० आणि फुजी एक्सला १७.७ इतकंच उरलं. अडॅप्टर फक्त मधली तूट भरून काढतो. निकॉन एफची लेन्स सोनीवर लावायची तर ४६.५ वजा १८, म्हणजे साडेअठ्ठावीस मिलिमीटरची धातूची पोकळ नळी. तिच्यात काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा घटायचं कारण नाही. म्हणूनच जवळपास कुठलीही जुनी एसएलआर लेन्स कुठल्याही मिररलेसवर चालते.

दुसरी गोष्ट सेन्सरचा आकार. फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीइतक्या सेन्सरवर, ५० मिमीची लेन्स ५०सारखीच दिसते. सोनी, फुजी किंवा निकॉनच्या एपीएस-सी या लहान सेन्सरवर कडा कापल्या जातात आणि तीच लेन्स ७५ मिमीइतका आवाका दाखवते. कॅननच्या एपीएस-सीवर हा गुणक १.६ आहे, त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्सवर २. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ‘२८ मिमी वाइड लेन्स’ म्हणून हौसेने घेतात, एपीएस-सीवर लावतात आणि ती ४२ मिमीसारखी दिसते. चाळीच्या गॅलरीत उभं राहून समोरची अख्खी गॅलरी चौकटीत घ्यायची म्हटलं तर मावत नाही.

पहिली लेन्स ५० मिमीच

सेन्सर कुठलाही असो, सुरुवात पन्नासनेच करा. त्या काळी बहुतेक एसएलआर ५० मिमीच्या लेन्ससकटच विकला जायचा, त्यामुळे बाजारात सगळ्यात जास्त नग याच लेन्सचे आहेत. माल जास्त म्हणून भाव कमी, आणि एक बुरशी लागलेली निघाली तर दुसरी बघायला मिळते. शिवाय या लेन्सची रचना अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी असते. अशा रचनेत प्रकाशाचे बरेच दोष एकमेकांना आपोआप मारतात. त्यामुळे अगदी साधी एफ/१.८ (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) लेन्ससुद्धा एफ/४ला आजच्या सेन्सरवर कमालीची रेखीव दिसते.

एफ/१.४च्या मागे लागू नका. एफ/१.८ किंवा एफ/२ हलकी असते, स्वस्त असते, आणि तिला फोकस लावणं शिकताना निम्म्या वेळा हार मानावी लागत नाही. आकडाच बघा: फुल फ्रेमवर ५० मिमी, एफ/१.४ आणि समोरचा माणूस दीड मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण साडेसात सेंटीमीटरचा असतो. एपीएस-सीवर तो पाचपर्यंत खाली येतो. माणूस बोलता बोलता थोडा पुढे झुकला की डोळे गेले. तेच एफ/२.८ला पट्टा दुप्पट होतो.

हेलिऑस ४४-२ या सोव्हिएत ५८ मिमी एफ/२ लेन्सचं आकर्षण मला समजतं. मागची झाडं गरगर फिरल्यासारखी दिसतात आणि त्यात खरंच जादू आहे. पण तिला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात, एक आकडा ठरवायची आणि दुसरी उघडझाप करायची, आणि नवख्या माणसाचा हात त्यात अडकतो. ती नंतर घ्या.

एकच घराणं धरा

पहिली लेन्स घेताना तुम्ही नकळत माउंटही निवडत असता. पुढच्या दोन लेन्स त्याच माउंटच्या घेतल्या तर अडॅप्टर एकच लागतो, आणि हाताला सवयही एकाच दिशेची लागते. निकॉनची फोकस रिंग कॅनन आणि मिनोल्टाच्या उलट दिशेने फिरते. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल. पण मूल धावत येतंय आणि तुमचा अंगठा सवयीने भलतीकडे रिंग फिरवतोय, असं चार वेळा झालं की पटतं.

घरात एखादा जुना कॅमेरा असेल तर त्याचंच घराणं पुढे चालवा. मामाचा पेंटॅक्स के१००० असेल तर के माउंट, आजोबांचा झेनिट असेल तर बहुधा एम४२ म्हणजे आट्यांनी बसणारी लेन्स, कुणाचा यशिका असेल तर यशिका-काँटॅक्स माउंट. घरात काहीच नसेल तर मी निकॉन एफ सुचवेन. हे माउंट १९५९पासून चालत आलंय आणि मुंबईत फोटोग्राफी शिकलेल्या एका अख्ख्या पिढीच्या हातात एफएम२ किंवा एफएम१० होता, त्यामुळे माल मिळतो. दुरुस्त करणाऱ्यांचा हातही या लेन्सवर बसलेला असतो. कॅनन एफडी आणि मिनोल्टाच्या लेन्स काचेच्या दर्जात कुठेही कमी नाहीत. त्या कंपन्यांनी ऑटोफोकस आणताना माउंटच बदललं आणि या लेन्स मागे पडल्या, म्हणून कधी कधी त्या स्वस्तात मिळून जातात.

निकॉन घेताना एकच पथ्य: लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग आहे ना, ते पाहा. नावापुढे ‘जी’ असलेल्या नंतरच्या लेन्सला ती नसते. त्यांना साधा अडॅप्टर लावला तर अ‍ॅपर्चर पूर्ण मिटलेलं राहतं. अशांसाठी स्वतःची रिंग असलेला वेगळा अडॅप्टर मिळतो, पण त्या रिंगवर एफचे आकडे नसतात आणि अंदाजाने काम करावं लागतं. पहिल्या लेन्सला हा व्याप नको.

बाजारात जाताना

सीएसएमटीला उतरून फोर्टमध्ये बोरा बझारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, जुना मालही तिथे निघतो. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंच्या दुकानांत कॅमेरे दिसतात. तिथली बरीच दुकानं शुक्रवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस टाळा. ऑनलाइन घेणार असाल तर मुंबईतलाच विक्रेता शोधा आणि स्टेशनवर भेटून, हातात घेऊन, तपासून मगच पैसे द्या. नुसता फोटो बघून जुनी लेन्स घेऊ नये, कारण बुरशी फोटोत दिसतच नाही.

जाताना स्वतःच्या कॅमेऱ्याची बॉडी, अडॅप्टर, चार्ज केलेली बॅटरी आणि एक छोटा टॉर्च सोबत ठेवा. मोबाइलचा टॉर्च चालतो. दिवसाउजेडी जा.

लेन्स हातात आली की काचेकडे बघायच्या आधी रिंग फिरवा. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, मधासारखी फिरली पाहिजे. मध्येच जड लागली तर आतलं ग्रीस सुकलेलं आहे. करकर आवाज आला तर आत वाळू किंवा धूळ आहे, आणि समुद्रकाठच्या शहरात ती असतेच. पुढचा भाग धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहा. डगमगत असेल तर सोडून द्या.

मग अ‍ॅपर्चर. लेन्स उलटी करून मागची छोटी कळ बोटाने दाबा आणि सोडा. पाती झटकन मिटली पाहिजेत आणि झटकन उघडली पाहिजेत. रेंगाळत असतील तर त्यांच्यावर तेल उतरलंय. टॉर्च तिरका धरला की पात्यांवर ओलसर चमक दिसते. मिररलेसवर अडॅप्टरमधून वापरताना पाती तुम्ही हाताने मिटवणार, त्यामुळे थोडं तेल असलं तरी काम चालतं. पण तेल म्हणजे वाफ, आणि ती पुढे काचेवर धुक्यासारखी बसते. भाव पाडायला हे कारण पुरेसं आहे.

आता टॉर्च. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने टॉर्च थोडा तिरका धरा आणि पुढून आत पाहा. मग उलट करा: पुढून उजेड, मागून नजर. धूळ दिसेल, ती प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते आणि चित्रात येत नाही. कडेला एखादा बुडबुडा दिसला तरी घाबरू नका. शोधायच्या आहेत त्या तीन गोष्टी. धागे किंवा बर्फाच्या नक्षीसारखी पसरलेली रेष म्हणजे बुरशी. सगळ्या काचेवर सारखा दुधी पडदा म्हणजे धुरकटपणा. आणि कडेला इंद्रधनुष्यी चकाकणारा डाग म्हणजे दोन काचा जोडणारा डिंक सुटलाय. पहिले दोन कधी कधी साफ होतात. तिसऱ्यासाठी खर्च करण्यात अर्थ नाही. ओरखड्यांचं म्हणाल तर पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चालेल, मागच्या काचेवरचा नाही. तो सेन्सरच्या जवळ असतो आणि चित्रात जाणवतो.

विक्रेता म्हणेल, “शेठ, एकदम मिंट कंडिशन है, घर का पीस है.” म्हणू द्या. तुम्ही शांतपणे लेन्स कॅमेऱ्यावर चढवा आणि दुकानाच्या दारात येऊन रस्त्याच्या टोकाच्या इमारतीवर फोकस लावा. लांबची खिडकी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून पाहिल्यावर रेखीव आली पाहिजे. मग चौकटीच्या चारही कोपऱ्यांत तीच खिडकी आणून पाहा. डावी बाजू स्पष्ट आणि उजवी भुरकट असेल, तर कुणीतरी लेन्स उघडून काच वाकडी बसवलीय. एवढं केल्यावर विक्रेत्याचा सूर बदलतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. समोरच्याला कळतं की हा माणूस बघून घेणार आहे.

पेंटॅक्सच्या जुन्या टाकुमार ५० मिमी एफ/१.४ लेन्सची काच पिवळट दिसली तर तो दोष समजू नका. तिच्या काही आवृत्त्यांच्या काचेत थोरियम आहे आणि वयानुसार ती पिवळी पडते. काही दिवस उन्हाजवळ ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. मात्र उन्हात ठेवताना एका टोकाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावा. उघडी लेन्स म्हणजे भिंग, आणि पडदा पेटायला वेळ लागत नाही.

अडॅप्टर आणि मेनू

अडॅप्टर फार महागाचा नको, पण सगळ्यात स्वस्तही नको. लावल्यावर लेन्स खडखडली तर परत करा. अडॅप्टर किंचित आखूड असेल तर रिंग अनंताच्या (∞) खुणेच्या थोडी पलीकडे जाते, त्याने बिघडत नाही. जरा लांब निघाला तर मात्र लांबचं दृश्य कधीच स्पष्ट होणार नाही, म्हणून वर सांगितलेली खिडकीची परीक्षा अडॅप्टरचीही असते. एम४२साठी अडॅप्टर घेताना आतून कड असलेला घ्या. ती कड लेन्सच्या मागची पिन दाबून ठेवते, नाहीतर काही लेन्सची पाती मिटतच नाहीत.

लेन्स लावली आणि बटण दाबलं तरी कॅमेरा फोटो काढत नाही, या अडचणीवर पहिल्या दिवशी हमखास फोन येतो. कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही. सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’ आणि फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू करावा लागतो. बॉडीत स्थिरीकरण, म्हणजे हाताचा हलका कंप सावरायची सोय, असेल तर मेनूत लेन्सची फोकल लांबी, म्हणजे मिमीचा आकडा, स्वतः भरा, आणि लेन्सवर छापलेलीच भरा: ५० म्हणजे ५०, गुणिले दीड करायचं नाही. लेन्स बदलली की आकडाही बदला. १३५ लावून ५०चा आकडा तसाच ठेवला तर स्थिरीकरण कमी पडतं आणि चित्र हललेलं येतं.

मोड ‘ए’वर ठेवा. अ‍ॅपर्चर तुम्ही लेन्सवर फिरवाल, शटर कॅमेरा ठरवेल.

फोकस हाताला बसवणं

मिररलेसमध्ये मॅन्युअल फोकसला दोन आधार आहेत. एक पीकिंग, म्हणजे स्पष्ट कडांवर रंगीत रेघा उमटणं. दुसरा, चित्राचा एक तुकडा मोठा करून दाखवणं. पीकिंगवर फार भिस्त ठेवू नका. वाइड लेन्सवर ते अर्ध्या चौकटीला रंग फासतं आणि सगळंच स्पष्ट असल्याचा भास होतो. पातळी ‘लो’ ठेवा, रंग लाल. आणखी एक युक्ती करा: फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढत असाल तर चित्रशैली कृष्णधवल ठेवा. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं करडं दिसतं, त्यावर लाल रेघ उठून दिसते, आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. माणसाच्या चेहऱ्यासाठी मात्र मोठं करून पाहणंच खरं. ती सुविधा उजव्या अंगठ्याखालच्या बटणावर बसवून टाका.

सराव घरातच सुरू करा. टेबलावर पाण्याची बाटली, एफ/२, बाटलीवरचं एक अक्षर. रिंग पलीकडे न्या, परत आणा, सर्वांत रेखीव जागा ओलांडून मागे या. दिवसाला वीस वेळा, आठवडाभर. नंतर एक शहाणपण आपोआप येतं: जवळच्या फोकसला रिंग फिरवण्याऐवजी स्वतःचं अंगच दोन बोटं पुढेमागे झुकवायचं. रिंगेपेक्षा अंग लवकर हलतं.

हलत्या माणसांसाठी पाठलाग करू नका, वाट पाहा. फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकच्या एखाद्या रंगीत पट्टीवर फोकस लावून ठेवा. चालणारा माणूस त्या पट्टीवर पाऊल ठेवेल, तेव्हा बटण.

गर्दीत तेही जमत नाही. दादर पश्चिमेच्या फुलबाजारात पहाटे उभं राहिलात की समजेल. डोक्यावर झेंडूची गोण घेतलेला हमाल “चला, चला, बाजू” करत अंगावरून जातो, शेवंतीच्या ढिगामागून एक हात पुढे येतो, आणि तुम्ही रिंग फिरवेपर्यंत सगळं बदललेलं असतं. तिथे अंतर आधीच ठरवून टाकायचं. २८ मिमीची लेन्स घ्या, अ‍ॅपर्चर एफ/८, फोकसची रिंग लेन्सवरच्या २ मीटरच्या खुणेवर, आणि रिंगला पुन्हा हात लावायचा नाही. फुल फ्रेमवर साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. एपीएस-सीवर तोच पट्टा एक मीटर चाळीसपासून तीन मीटर चाळीसपर्यंत. म्हणजे फुलवाल्या मावशींच्या टोपलीच्या या काठापासून मागच्या गिऱ्हाइकापर्यंत. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदना, ३२०० किंवा ६४००वर जाईल, जाऊ द्या. ताडपत्रीखालच्या दिव्यांत एफ/८ म्हटल्यावर ते येणारच, आणि आजचे सेन्सर ते सोसतात.

जुन्या लेन्सवर अंतराच्या खुणांखाली एफच्या आकड्यांच्या जोड्या कोरलेल्या असतात. डावीकडचा ८ आणि उजवीकडचा ८ यांच्यामध्ये जितकं अंतर येतं, तितकं एफ/८ला स्पष्ट. या खुणा ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने आहेत. एपीएस-सीवर एक पायरी कमी धरा: अ‍ॅपर्चर एफ/८ असलं तरी खुणा ५.६च्या वाचा. ऑटोफोकसच्या बऱ्याच आधुनिक लेन्सवर ही मोजपट्टीच नसते. रस्त्यावरच्या फोटोंसाठी जुनी लेन्स मला आवडते ती मुख्यतः या कोरलेल्या मोजपट्टीमुळे.

दुसरी आणि तिसरी

पन्नासने दोन-तीन महिने काढा. मग स्वतःचे फोटो उघडून एकच प्रश्न विचारा: जास्त वेळा मागे सरकावं लागलं की पुढे जावंसं वाटलं?

फुल फ्रेमवाल्यांना मागे सरकावं लागत असेल तर २८ मिमी. निकॉनची २८ मिमी एफ/२.८ एआय-एस २० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, तिच्यासारखी दिसणारी सीरिज ई फक्त ३०पर्यंत. फरक आकड्यांत लहान वाटतो, पण वडापावची गाडी आणि तळणीतला वडा एकाच चौकटीत हवा असेल तर तो मोठा आहे.

एपीएस-सीवाल्यांनी वाइडसाठी जुन्या लेन्सच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुनी खरोखर वाइड लेन्स दुर्मीळ, महाग आणि कडांना मऊ असते. त्याऐवजी तुमच्याच माउंटची नवी मॅन्युअल लेन्स घ्या, उदाहरणार्थ टीटीआर्टिझन २३ मिमी एफ/१.४ किंवा सेव्हनआर्टिझन्स २५ मिमी एफ/१.८. छोटी असते, अडॅप्टर लागत नाही आणि आत पन्नास वर्षांची धूळ नसते. घराणं मोडतं खरं, पण इथे मोडावं.

पुढे जावंसं वाटत असेल तर १३५ मिमी, एफ/२.८ किंवा एफ/३.५. निकॉनची १०५ मिमी एफ/२.५ मिळाली तर ती आधी बघा, चेहऱ्यांसाठी इतकी देखणी लेन्स मी दुसरी वापरलेली नाही. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत फुटपाथवरून नऊवारीतल्या बुलेटस्वार मुलीच्या नथीवर फोकस लावायचा असेल तर हीच लांबी लागते. फुल फ्रेमवर १३५ला शटर निदान १/१५०च्या आसपास ठेवा, एपीएस-सीवर १/२००, आणि स्थिरीकरण नसेल तर त्याहून वेगवान.

बारीकसारीक वस्तूंचं वेड असेल तर तिसरी म्हणून ५५ मिमीची मायक्रो-निकॉर. वस्तू तिच्या निम्म्या आकाराइतकी सेन्सरवर उतरते. एफ/२.८ची आवृत्ती पात्यांवर तेल उतरण्यासाठी बदनाम आहे, एफ/३.५ घ्या. जुन्या झूम लेन्स मात्र सोडून द्या, त्यांचा काळ गेला.

पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईची हवा बहुतेक दिवस ८० टक्क्यांवर दमट असते. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतातच. त्यांना ओलावा, अंधार आणि स्थिर हवा मिळाली की ते रुजतात. चामडी केस, कापडी पिशवी, बंद कपाट म्हणजे त्यांच्यासाठी पाळणाघर. लेन्ससोबत जुनी चामडी केस मिळाली तर आठवण म्हणून ठेवा, लेन्स तिच्यात नको.

बजेट असेल तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा. तीन लेन्ससाठी घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावरही उत्तम भागतं. तांदूळ घालू नका, त्याची पूड उडते. सिलिका नारिंगी रंगाचं घ्या. निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. ते विषारी आहे, त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यात तापवता येत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर निळं नकोच. मापक ५५च्या वर चढला की खडे वाळवायची वेळ झाली.

एसी लोकलमधून किंवा ऑफिसातून बाहेर पडल्यावर लगेच कॅमेरा काढू नका. थंड काचेवर दमट हवा लागली की क्षणात धुकं बसतं, आणि जुन्या लेन्समध्ये ते आतल्या काचांवरही बसू शकतं. बॅगेची चेन बंद ठेवून वीसेक मिनिटं जाऊ द्या. मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटा उसळत असताना लेन्स बदलू नका. या लेन्सना पाणी अडवणारं रबर नसतं, आणि खारं पाणी आट्यांत शिरलं की रिंग गंजते.

पावसाळ्यात दर रविवारी तीनही लेन्स डब्याबाहेर काढा. अर्धा तास खिडकीच्या उजेडात, थेट उन्हात नाही. फोकसची रिंग आणि अ‍ॅपर्चर चार वेळा फिरवा, टॉर्च मारून आत पाहा. कडेला पहिला पांढरा धागा दिसला तर ती लेन्स डब्यातून वेगळी काढा आणि त्याच आठवड्यात फोर्टमधल्या कारागिराकडे न्या. सुरुवातीची बुरशी बऱ्याचदा डाग न सोडता निघते. दोन महिने थांबलात तर लेप गेला म्हणून समजा. काम झाल्यावर लेन्स ताब्यात घेताना दुकानाबाहेर उजेडात या, पुन्हा टॉर्च मारा, कॅमेऱ्यावर चढवून लांबची खिडकी चारही कोपऱ्यांत तपासा, आणि मग पैसे द्या.